विश्वाची चूल कशी पेटली?

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें जुनें गांव आहे. तेथील दगडी मंदिरें, कोरीव स्तंभ आणि पायऱ्यापायऱ्यांची बारव पाहणारा मनुष्य सहजच विचारतो कीं, हें बांधलें तरी केव्हां? जाणकार दगडाचा घाट व नक्षीची ठेवण पाहून यादवकाळाकडे बोट दाखवितात. सात-आठशें वर्षांचा हिशेब लागतो आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. परंतु ज्या दगडांत ती नक्षी कोरली तो दगड केव्हांचा? दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनींतून वर आलेल्या तप्त रसाचा झालेला आहे. आणि त्या पाषाणांतील लोह, प्राणवायु, सिलिकॉन हीं द्रव्यें? तीं त्याहूनहि पुष्कळ आधीं ताऱ्यांच्या पोटांत शिजून निघालीं. मग त्या ताऱ्यांचें द्रव्य कोठून आलें? अशा रीतीनें एकेक पायरी उतरत गेलें म्हणजे बारवेच्या तळाशीं जसें पाणी लागतें, तसा अखेर एकच प्रश्न हातीं लागतो: या विश्वांत द्रव्य आणि उष्णता हीं मुळांत आलीं कोठून?

श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर पुराणांनीं आपल्या परीनें दिलें आहे व तत्त्ववेत्त्यांनीं आपल्या परीनें दिलें आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पदार्थविज्ञानानेंहि एक उत्तर मांडलें आहे. तें पूर्णपणें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु तें इतकें विचारपूर्वक बांधलेलें आहे कीं, सुशिक्षित मनुष्यानें तें एकदां समजून घ्यावें हें बरें.

प्रथम जें निश्चित ठाऊक आहे तें पाहावें. विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटि वर्षें आहे. तें प्रसरण पावत आहे. म्हणजे आज दूर दिसणाऱ्या तारकासमूहांमधील अंतर वाढत आहे. जी वस्तु आज पसरत आहे ती पूर्वीं दाट असली पाहिजे, आणि दाट होती त्या अर्थीं तप्तहि असली पाहिजे. या अनुमानाला १९६५ सालीं मोठा आधार मिळाला. आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन या दोघां अमेरिकन संशोधकांना आकाशाच्या सर्व दिशांनीं सारखाच येणारा एक मंद रेडिओ-प्रकाश सांपडला. हा त्या तप्त बालपणाचा उरलेला शेक होय. आज त्याचें उष्णतामान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २.७ अंश इतकें आहे. परंतु तो निघाला तेव्हां विश्वाचें वय सुमारें ३,८०,००० वर्षें व उष्णतामान सुमारें ३,००० अंश होतें. या प्रकाशाचे सुमारें ४१० कण विश्वाच्या प्रत्येक घन सेंटीमीटरांत आजहि आहेत. चारठाण्याच्या बारवेंतील ओंजळभर हवेंतहि ते आहेत.

याहून मागें गेल्यास आणखी एक खूण आढळते. विश्वांतील साध्या द्रव्यापैकीं वजनानें सुमारें चौथा हिस्सा हेलियम वायूचा आहे. इतका हेलियम ताऱ्यांनीं बनविला असें म्हणतां येत नाहीं. तो विश्वाच्या पहिल्या कांहीं मिनिटांत, शेंकडों कोटि अंशांच्या भट्टींत बनला, असा हिशेब केला म्हणजे तें प्रमाण बरोबर जुळतें. म्हणजे वयाच्या पहिल्या सेकंदास विश्व कढत होतें, हें जवळजवळ निर्विवाद आहे.

आतां अडचण कोठें येते तें पाहावें. आकाशाच्या पूर्व टोंकाकडून येणारा तो मंद शेक आणि पश्चिम टोंकाकडून येणारा शेक यांत लाखांत एखादा भाग इतकाच फरक आहे. दोन गांवांत एकच भाव चालत असेल तर त्यांच्यामध्यें कांहीं तरी दळणवळण असलें पाहिजे. परंतु साध्या प्रसरणाच्या हिशेबानें या दोन टोंकांमध्यें प्रकाशालाहि जावयास कधीं वेळ मिळालेला नव्हता. मग उष्णतामान सारखें झालें कसें? १९८१ सालीं अमेरिकेंतील अॅलन गुथ यांनीं सुचविलें कीं, अगदीं आरंभीं, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांत, विश्व विलक्षण वेगानें फुगलें. या अवस्थेस इंग्रजींत ‘इन्फ्लेशन’ म्हणतात. मराठींत स्फीति म्हणतां येईल. रशियांत अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनीं १९८० मध्येंच अशा प्रकारचा विचार मांडला होता. या स्फीतींत प्रत्येक अंतर निदान एकावर सव्वीस शून्यें इतक्या पटीनें वाढलें असलें पाहिजे. एकमेकांच्या शेजारीं बसलेले, एका भावाचे झालेले बिंदु अशा रीतीनें आकाशाच्या दोन टोंकांना जाऊन पडले, आणि ती एकसारखेपणाची अडचण दूर झाली.

परंतु एक गांठ सुटतांना दुसरी बसली. सायकलच्या चाकांतील हवा सोडली असतां बाहेर पडणारी हवा बोटाला गार लागते, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे. पसरणारा वायु थंड होतो. विश्वाच्या बाबतींत नियम याहून सरळ आहे: अंतरें जितक्या पटीनें वाढावीं तितक्या पटीनें उष्णतामान उतरावें. तेव्हां स्फीतीपूर्वीं कांहीं उष्णता असलीच, तर ती एकावर सव्वीस शून्यें इतक्या पटीनें उतरली. पूर्वींचे कण इतके विरळ झाले कीं, आज दिसणाऱ्या सर्व विश्वाच्या वांट्यास त्यांपैकीं एखादा तरी आला असेल कीं नाहीं याची शंका. स्फीति संपली तेव्हां विश्व मोठें, गुळगुळीत, रिकामें आणि थिजलेलें होतें. तेथें सूर्य, माती, पाणी, मनुष्य यांपैकीं कशालाहि लागणारें द्रव्य नव्हतें. आणि पहिल्या सेकंदास तर, हेलियमच्या साक्षीप्रमाणें, भट्टी पेटलेली हवी! या दोहोंच्या मधली कडी मिळाली नाहीं तर स्फीतीची सारी कल्पना निरुपयोगी ठरते. त्या कडीस शास्त्रज्ञ ‘रीहीटिंग’ म्हणजे पुनस्तापन असें म्हणतात.

रिकाम्या विश्वांत ऊर्जा होती कोठें? याचें उत्तर देण्यापूर्वीं ‘क्षेत्र’ हा शब्द समजून घेतला पाहिजे. लोहचुंबकाजवळ टांचणी नेली म्हणजे ती ओढली जाते. मधल्या मोकळ्या जागेंत कांहीं तरी असतें, आणि त्यास चुंबकीय क्षेत्र म्हणतात. डोळ्यांना तें दिसत नाहीं, तरी त्यांत ऊर्जा सांठवलेली असते. स्फीतीच्या काळीं असेंच एक क्षेत्र अवकाशांत सर्वत्र भरलेलें होतें, असें मानतात. त्याचें मूल्य एका उंच जागीं टेकलेलें होतें. याला जिंतूर तालुक्यांतच एक चांगला दृष्टान्त आहे. पूर्णा नदीवरील येलदरीच्या धरणांत पाणी अडविलें आहे. तें पाणी स्वस्थ दिसतें, हाताला गार लागतें. पण तें उंचीवर आहे, म्हणून त्यांत ऊर्जा आहे. तेंच खालीं सोडलें कीं चक्रें फिरतात, वीज होते, आणि त्या विजेनें घरोघर दिवे लागतात. गार पाण्यांतून दिव्याची ऊब निघते. कारण उंचीचें रूपान्तर गतींत व गतीचें उष्णतेंत होतें. स्फीतीच्या क्षेत्राची ऊर्जाहि अशीच थंड, स्तब्ध, उंचावर ठेवलेली होती. एवढेंच वैशिष्ट्य कीं, विश्व फुगलें तरी ती विरळ होत नव्हती. तिनेंच तें प्रसरण चालविलें होतें.

तें पाणी खालीं कसें सुटलें? गुथ यांच्या मूळच्या योजनेंत येथेंच खोट होती. त्यांच्या मतें उकळत्या पाण्यांत बुडबुडे उठावे तशीं नव्या स्थितीचीं बेटें विश्वांत ठिकठिकाणीं उठलीं. परंतु मधली जागा इतक्या वेगानें वाढत होती कीं ते बुडबुडे एकमेकांस भेटेनात, आणि आंतली ऊर्जा सर्वत्र सारखी पसरेना. ही खोट गुथ यांनीं स्वतःच आपल्या निबंधांत नमूद केली होती. १९८२ मध्यें आन्द्रेई लिंडे यांनीं, तसेंच आल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट यांनीं स्वतंत्रपणें, ती दूर केली. त्यांच्या योजनेंत क्षेत्राचें मूल्य एका दीर्घ, जवळजवळ सपाट उतारावरून सावकाश घसरतें. घसरण चालू आहे तोंवर स्फीति चालते. उताराच्या शेवटीं खोलगट वाटीसारखी जागा येते. तेथें क्षेत्र वेगानें खालीं येतें, तळ ओलांडून पलीकडे चढतें, परत फिरतें, आणि वाटींत सोडलेल्या गोटीप्रमाणें मागेंपुढें आंदोलनें घेऊं लागतें. स्फीति संपते ती या क्षणीं.

वाटींतली गोटी कांहीं वेळानें थांबते. तिची ऊर्जा नाहींशी होत नाहीं. घर्षणानें वाटी व गोटी यांना किंचित् ऊब येते. क्षेत्राच्या आंदोलनांचेंहि तसेंच. हें क्षेत्र इतर क्षेत्रांशीं थोडें फार जोडलेलें असेल, तर त्याच्या आंदोलनांची ऊर्जा त्या क्षेत्रांच्या कणांच्या रूपानें बाहेर पडते. आंदोलन मंदावतें आणि कण वाढतात. १९८२ मध्येंच अनेक शास्त्रज्ञांनीं याचे हिशेब केले. ही झाली पुनस्तापनाची जुनी, सौम्य रीत. तींत कण एकेक करून सुटतात. काम धीमें चालतें.

पुढें १९९० मध्यें जेनी ट्राशन व रॉबर्ट ब्रॅन्डेनबर्गर यांनीं, आणि १९९४ मध्यें कॉफमन, लिंडे व स्टारोबिन्स्की यांनीं दाखवून दिलें कीं, प्रकार याहून पुष्कळच जोराचा असूं शकेल. हें समजावयास नागपंचमीचा झोका पाहावा. झोक्यावर उभी राहिलेली मुलगी दर हेलकाव्यास नेमक्या वेळीं गुडघे वांकविते व पुन्हां ताठ होते. तिला कोणी ढकलीत नाहीं, तरी झोका चढतच जातो. प्रत्येक वेळीं वाढ होते ती आधींच्या हेलकाव्याच्या प्रमाणांत. म्हणून आरंभीं हळू चढणारा झोका बघतां बघतां झाडाच्या फांदीशीं जाऊन भिडतो. येथें मुलगीच्या जागीं स्फीतीचें आंदोलणारें क्षेत्र समजावें, आणि झोक्याच्या जागीं त्याला जोडलेलें दुसरें क्षेत्र समजावें. पहिल्याच्या ठेक्यानें दुसऱ्याचा हेलकावा दुणावत जातो, आणि थोड्याच आंदोलनांत कणांचा प्रचंड लोंढा उत्पन्न होतो. यास शास्त्रज्ञ पूर्वतापन म्हणतात.

परंतु अगदीं स्तब्ध उभा असलेला झोका नुसत्या उठण्या-बसण्यानें चढत नाहीं. आधीं किंचित् तरी हेलकावा लागतो. रिकाम्या विश्वांत तो पहिला हेलकावा कोणीं दिला? क्वांटम शास्त्राप्रमाणें कोणतेंहि क्षेत्र पूर्णपणें स्तब्ध राहूंच शकत नाहीं. पोकळींतहि त्याची अतिसूक्ष्म थरथर चालूच असते. तीच येथें बीज झाली. आणि बीजाचें पीक इतकें उदंड येण्यास आणखी एक कारण आहे. १९२४ मध्यें सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशकणांचा जो गणनानियम मांडला, त्यावरून असें निघतें कीं, त्या जातीचे कण एका स्थितींत जितके अधिक जमतात, तितके तेथें आणखी उत्पन्न होणें सोपें जातें. जत्रेंत गर्दी पाहून गर्दी वाढते तसा हा प्रकार. इलेक्ट्रॉनाच्या जातीच्या कणांना ही मुभा नाहीं. त्यांना एका जागीं एकच, असा कडक नियम आहे. म्हणून हा स्फोटक लोंढा पहिल्या जातीच्या कणांचाच होतो. लोंढा फार वाढला म्हणजे तो स्वतःच त्या ठेक्यांत बिघाड करतो आणि वाढ थांबते. उरलेलें काम मग त्या जुन्या सौम्य रीतीनें पुरें व्हावें लागतें.

इतकें झालें तरी विश्व ‘तापलें’ असें अजून म्हणतां येत नाहीं, हा मुद्दा सहज नजरेंतून सुटतो. ऊर्जा असणें वेगळें आणि उष्णतामान असणें वेगळें. धान्याचें सारें पोतें एकाच घरांत असेल तर गांवाला सरासरी धान्य आहे असें कागदावर म्हणतां येईल. परंतु वांटणी झाल्याशिवाय घरोघर चूल पेटत नाहीं. नवे कण ठराविक वेगांचे, ठराविक स्थितींतले होते. त्यांनीं एकमेकांवर आदळावें, फुटावें, नवे कण जन्मास घालावे आणि ऊर्जेची वांटणी करावी, तेव्हां कोठें सर्वत्र एक समतोल येतो. त्या समतोलालाच उष्णतामान हें नांव शोभतें. पुनस्तापन पुरें झालें तें तेथें. त्यानंतरचा इतिहास म्हणजे तापलेल्या विश्वाचें निवणें: प्रथम प्रोटॉन-न्यूट्रॉन, मग हेलियम, मग अणु, मग तारे. द्रव्य व प्रतिद्रव्य यांत द्रव्याचा जो अत्यल्प वरचढपणा झाला, ज्यामुळें सर्व कांहीं एकमेकांस खाऊन संपलें नाहीं, तो तोलहि याच काळांत किंवा यानंतर झुकला असला पाहिजे. कारण आधीं झुकलेला असता तर स्फीतीनें तो पुसून टाकला असता.

येथें नांवाविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. ‘पुनस्तापन’ या शब्दानें पूर्वीं एकदां विश्व तापलेलें होतें असा समज होतो. तसें असेलच असें नाहीं. कित्येकांच्या मतें विश्वाची ही पहिलीच चूल होय. नांव मात्र जुन्या समजुतीप्रमाणें चालत राहिलें. त्याचप्रमाणें ही चूल किती तापली हेंहि अद्याप ठरलेलें नाहीं. हेलियम व इतर साक्षी सांगतात कीं, ती निदान सुमारें पांच हजार कोटि अंशांपर्यंत तरी गेली पाहिजे. वरची मर्यादा एकावर अठ्ठावीस-एकोणतीस शून्यें अंश इतकी जाते. या दोन आंकड्यांमध्यें एकावर अठरा शून्यें इतक्या पटीचें अंतर आहे. शास्त्राच्या दुसऱ्या कोणत्याहि प्रश्नांत इतकें मोठें अज्ञान इतक्या उघडपणें कबूल केलेलें क्वचितच आढळेल.

मग हें शास्त्र आहे, कीं नव्या भाषेंतलें पुराण? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. कोल्हापुरास १९३८ मध्यें जन्मलेले व २०२५ मध्यें दिवंगत झालेले जयंत विष्णु नारळीकर यांना महास्फोटाची उपपत्ति कधींच पूर्णपणें पटली नाहीं. फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं १९९३ मध्यें आरंभ नसलेल्या विश्वाची पर्यायी उपपत्ति मांडली. त्या उपपत्तीस बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं मान्यता दिली नाहीं. परंतु विरोधी मताला नुसतें नाकारणें हा त्यांचा स्वभाव नव्हता. १९९१ मध्यें थानू पद्मनाभन् यांच्यासह त्यांनीं स्फीतीच्या सिद्धांताचें गुणदोषांसह सविस्तर परीक्षण प्रसिद्ध केलें. ज्या आयुका संस्थेचे ते संस्थापक संचालक होते, त्या पुण्यांतील संस्थेंतच वरुण साहनी यांच्यासारख्या संशोधकांनीं स्फीति व पुनस्तापन यांवर काम केलें. प्रतिपक्षाला आपल्याच घरांत जागा देणें हा विद्येचा खरा शिष्टाचार होय.

आक्षेपाला खरें उत्तर पुराव्यानेंच द्यावें लागेल, आणि पुरावा मिळणें येथें फार कठीण आहे. भांड्यांतलें पाणी उकळलें म्हणजे तें गोंवऱ्यांवर उकळलें कीं पऱ्हाट्यांवर, हें पाण्याकडे पाहून सांगतां येत नाहीं. समतोल आला कीं पूर्वींच्या खुणा पुसल्या जातात. तथापि कांहीं खुणा पाण्याबाहेर राहतात. पैकीं एक म्हणजे राख, दुसरी म्हणजे धूर. पुनस्तापनास किती काळ लागला यावर स्फीतीच्या शेवटच्या टप्प्याची मोजणी अवलंबून असते, आणि त्या मोजणीचा सूक्ष्म ठसा पेन्झियास-विल्सन यांच्या त्या शेकांतील लहानसहान चढउतारांवर उमटतो. ही झाली राख. धूर म्हणजे गुरुत्वीय लहरी. त्या द्रव्यांतून जवळजवळ न अडतां आरपार जातात; म्हणून समतोलाच्या भट्टींतहि त्यांची स्मृति पुसली जात नाहीं. २०२१ मध्यें स्वागत मिश्रा, साहनी व स्टारोबिन्स्की यांनीं दाखविलें कीं, राख व धूर या दोन्ही साक्षी एकत्र घेतल्यास स्फीतीच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या निरनिराळ्या कल्पनांत निवड करतां येईल.

गुरुत्वीय लहर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील लायगो यंत्रांनीं टिपली; ती दोन कृष्णविवरांच्या मिलनाची होती. तशाच एका यंत्रासाठीं हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथजवळची जागा निवडली आहे, आणि एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या या योजनेस मंजुरी दिली. त्याच्या काटकोनांतील दोन भुजा प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. १९९९ पर्यंत औंढा हें परभणी जिल्ह्यांतच होतें. जिंतुराहून तें फार दूर नाहीं. मात्र या यंत्रापासून भलती अपेक्षा करूं नये. तें सेकंदास कांहीं दहा ते कांहीं हजार कंपनांच्या लहरी ऐकणारें आहे. पूर्वतापनाच्या लोंढ्यांतून उठलेल्या लहरी, पुष्कळशा हिशेबांप्रमाणें, सेकंदास कोट्यवधि कंपनांच्या असाव्यात. तबल्याला लावलेल्या कानाला वटवाघळाची किंकाळी ऐकूं येत नाहीं, तशांतला हा प्रकार. स्फीतीच्या स्वतःच्या लहरी मात्र पुनस्तापनाच्या विशिष्ट रीतीमुळें बळावल्या असतील, तर त्यांचा मागमूस अशा यंत्रांच्या आटोक्यांत येण्याचा थोडा संभव आहे. आणि त्या आढळल्या नाहींत तरी कांहीं कल्पना बाद होतात.

घाई करणाऱ्यांना एक धडाहि मिळालेला आहे. मार्च २०१४ मध्यें दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या दुर्बिणीच्या चमूनें स्फीतिकालीन लहरींचा ठसा सांपडल्याचें जाहीर केलें. जगभर आनंद झाला. परंतु पुढील वर्षीं प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांशीं ताडून पाहतां, तो ठसा बहुतांशीं आपल्याच आकाशगंगेंतील धुळीचा असल्याचें ठरलें. त्याच चमूनें त्या तपासणींत भाग घेतला व निष्कर्ष मान्य केला. पुराण आणि शास्त्र यांतला भेद पाहावयाचा असेल तर तो येथें पाहावा. कथा दोघांचीहि भव्य असते. परंतु शास्त्राची कथा कोणत्या पुराव्यानें खोटी ठरेल हें आधीं सांगितलेलें असतें, आणि ती खोटी ठरली तर सांगणाऱ्यानेंच ती मागें घ्यावी लागते.

तेव्हां आज इतकेंच म्हणतां येतें: विश्वाची पहिल्या सेकंदाची भट्टी निश्चित आहे, तिच्या आधींची स्फीति बहुतांना संभाव्य वाटते, आणि या दोहोंना जोडणारी पुनस्तापनाची कडी ही तर्कशुद्ध असूनहि अद्याप साक्षीदाराच्या शोधांत आहे. तो साक्षीदार शोधणाऱ्यांत यापुढें जिंतूर, औंढा, हिंगोली या भागांतील मुलांनींहि असावें. यंत्र त्यांच्या शिवारांत येत आहे. त्यासाठीं लागणारें गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची सोय त्यांच्या शाळांतून झाली पाहिजे.